निळे फूल, पांढरी माती

चांगल्या जातीची जपानी बशी उजेडासमोर धरली असता तिच्या पातळ कडेतून प्रकाश झिरपताना दिसतो. बशीच्या मध्यावर निळ्या रंगात शेवंतीचे किंवा प्लमच्या मोहराचे चित्र असते. त्यावरून बोट फिरविले तर रंगाचा उंचवटा लागत नाही. नखाने खरवडले तरी तो सुटत नाही. चित्र पृष्ठभागावर नसून काचेसारख्या पारदर्शक थराच्या खाली आहे, हे त्याचे कारण होय. बशी तीनशे वर्षांपूर्वीची असली तरी तिची निळाई काल काढल्याप्रमाणे ताजी वाटते. रोज घासून धुतल्या जाणाऱ्या भांड्यावर हे फूल इतके टिकते कसे, आणि ते निळेच का, लाल किंवा पिवळे का नाही, या प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्रात आहेत. ती शोधू लागले म्हणजे जपानच्या क्यूशू बेटावरून निघालेली वाट बंगळूर शहराच्या मल्लेश्वरम भागातील एका कारखान्यापाशी येऊन पोचते. त्या कारखान्याची कीर्ती फुलांच्या बशांसाठी नव्हती. विजेच्या तारा तोलून धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर ही त्याची ओळख. तरीही दोहोंची माती एका जातीची आहे, आणि दोहोंची परीक्षा घेणारा अग्नीही एकच.

माती आणि अग्नी

मराठीत लोणच्याची बरणी, हॉटेलातील कपबशी आणि औषधाचा खल या सर्वांना आपण सरसकट चिनी मातीची भांडी म्हणतो. शास्त्रदृष्ट्या मात्र त्यांच्यात भेद आहे. कुंभाराचा माठ मंद आचेवर भाजलेला व सच्छिद्र असतो. त्यातून पाणी पाझरते म्हणूनच ते थंड होते. बरणीची माती अधिक तापवून दाट केलेली असते. तिच्यातून पाणी पाझरत नाही, पण प्रकाशही जात नाही. पोर्सेलीन या दोहोंच्या पुढचे. ते पांढरे असते, कडेला अर्धपारदर्शक असते, टिचकी मारल्यास धातूसारखे वाजते, आणि त्याचा तुकडा मोडला तरी मोडलेली बाजू पाणी शोषून घेत नाही.

पोर्सेलीनचा रूढ पाठ तीन पदार्थांचा आहे : निम्मे केओलिन, पाव भाग फेल्डस्पार आणि पाव भाग क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटी. केओलिन ही पांढरी माती पाण्याने मऊ होऊन वस्तूला आकार देते. फेल्डस्पार हा भट्टीत सर्वांआधी वितळणारा घटक. तो काचेसारखा द्रव होऊन इतर कणांमधल्या फटींत शिरतो. गारगोटी ही सांगाड्याप्रमाणे उभी राहून भांडे ढासळू देत नाही. आच वाढत गेली की सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केओलिनच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते. हजार अंशांच्या पुढे त्यापासून मुलाइट नावाचे नवे स्फटिक बनू लागतात, आणि तेराशे अंशांच्या आसपास हे सुईसारखे स्फटिक वितळलेल्या काचेत एकमेकांत गुंतून बसतात. पोर्सेलीनचे बळ या गुंत्यात आहे. फटी बुजत जातात तसे भांडे आकसते. लांबीत दहा टक्क्यांहूनही अधिक. म्हणून कारागिराला हवी त्याहून मोठी बशी घडवावी लागते.

थंड होतानाही संकट संपत नाही. ५७३ अंशांवर गारगोटीच्या स्फटिकाची रचना एकाएकी बदलते व तिचे आकारमान घटते. भट्टीचे दार घाईने उघडले तर या एका अंशापायी आठवड्यांची मेहनत तडकून जाते.

आरिताचा डोंगर

जपानात ही विद्या सुखासुखी आली नाही. १५९२ ते १५९८ या काळात जपानी सैन्याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, आणि परतताना क्यूशूचे सरदार तेथील कुंभारांना आपल्याबरोबर घेऊन आले. त्यांत यी साम-प्योंग नावाचा कारागीर होता. जपानी परंपरा त्याला कानागाए सांबेई म्हणते. त्याने आरिता गावाजवळच्या इझुमियामा टेकडीत पोर्सेलीनला योग्य दगड शोधून काढला, व १६१६ हे वर्ष जपानी पोर्सेलीनच्या जन्माचे मानण्याची प्रथा पडली. उत्खनने मात्र असे सुचवितात की हे काम एका माणसाचे किंवा एका वर्षाचे नसून त्या दशकात अनेक भट्ट्यांवर चाललेल्या खटपटीचे फळ होते. बंदी म्हणून आणलेल्या या मनुष्याला पुढे आरिताने देवळात स्थान दिले. तेथील तोझान देवस्थानासमोर १८८८ मध्ये उभारलेली कमान पोर्सेलीनची असून तिच्यावर निळ्या वेलबुट्ट्या आहेत. ज्या सरदाराच्या सैन्याबरोबर तो आला, त्या नाबेशिमाचीही प्रतिष्ठापना त्याच देवस्थानात आहे. इतिहासाचे असे शेजार विचित्र खरे.

इझुमियामाच्या दगडाचे वैशिष्ट्य हे की त्यात तीन पदार्थ मिसळावे लागत नव्हते. ज्वालामुखीचा खडक भूगर्भातील उष्ण पाण्याने कुजून त्यात गारगोटी व अभ्रकासारखे मृदू खनिज निसर्गानेच एकत्र केले होते. दगड कुटावा, पाण्यात घोळवून जाड कण खाली बसू द्यावेत, वरचा गाळ वाळवून मळावा, की माती तयार.

या मातीच्या भांड्यांना जगाचा बाजार मिळाला तो चीनमधील उलथापालथीमुळे. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली व चिनी पोर्सेलीनचा पुरवठा खुंटला. डच ईस्ट इंडिया कंपनीने तेव्हा जपानकडे मोर्चा वळविला. १६५९ मध्ये तिने आरिताला पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदविली. तो माल तांबड्या समुद्रावरील मोखा बंदराकडे, युरोपकडे आणि आपल्याकडील सुरतेसारख्या ठाण्यांकडेही जाऊ लागला. भांडी इमारी बंदरातून चढत, म्हणून परदेशी लोक त्यांना इमारी म्हणू लागले. आपल्याकडच्या नावात चीन कायम राहिला, हा सवयीचा भाग.

काळा रंग, निळे फूल

निळ्या चित्रकामाला जपानीत सोमेत्सुके म्हणतात. भांडे प्रथम नऊशे अंशांच्या आसपास कच्चे भाजतात. या स्थितीत ते खडूप्रमाणे सच्छिद्र असते. त्यावर गोसु नावाच्या खनिजाच्या पाण्याने चित्र काढावयाचे. गोसु म्हणजे कोबाल्टचे अशुद्ध खनिज. त्यात मँगॅनीज व लोह मिसळलेले असते, आणि जुन्या काळी ते चीनमधून येई. ते दिवसेंदिवस खलात घोटून हिरव्या चहाच्या काढ्यात कालवीत. चहातील टॅनिनामुळे कण नीट तरंगत राहतात व रेघ सुरळीत उतरते.

आता चित्रकाराची अडचण लक्षात घ्यावी. त्याच्या ब्रशातून उतरणारा रंग निळा नसतोच. तो काळपट करडा असतो. कोणती छटा फिकट येईल व कोणती गडद, हे त्याने न पाहताच ठरवावयाचे. शिवाय खाली टीपकागदासारखी तहानलेली माती. टेकलेला ब्रश उचलायला क्षणभर उशीर झाला की तेथे डाग पडतो, आणि तो पुसता येत नाही. आरितात कामाची वाटणी असे. एकजण पाकळ्यांची बाह्यरेषा काढी, दुसऱ्याने तिच्या आत रंग भरावयाचा. या भरण्याला दामी म्हणतात, व ते परंपरेने स्त्रियांकडे असे. दामीचा ब्रश जाडजूड असतो. त्यात पाणीदार रंग भरपूर घेऊन, बोटांनी दाबून, एक थेंब पुढे ढकलत न्यायचा आणि उरलेले पाणी ब्रशातच परत ओढून घ्यायचे. रंग भरण्यापेक्षा पाणी पुढे हाकण्याची ही कला आहे.

विषयही ठरलेले असत. वळसे घेत सर्वत्र पसरणारी वेल, भरगच्च पेओनी, शेवंती, प्लम, प्रभातफुलाची वेल. मोठ्या पाकळ्या एका दमात भरता येतात आणि वेलीच्या रेषेत हाताची थरथर लपते. फुलांची निवड केवळ रसिकतेपोटी झाली, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरेल. कामाच्या सोयीचाही त्यात वाटा दिसतो.

चित्र सुकल्यावर भांडे झिलईच्या पातळ पांढऱ्या द्रावात बुडवितात. फूल क्षणात दिसेनासे होते. ते पुन्हा दिसते ते भट्टी थंड झाल्यावरच.

निळेच का

तेराशे अंशांचा दाह सोसणारे रंग फार थोडे. अनेक रंगद्रव्ये या तापमानाला विघटन पावतात, काही उडून जातात, काही झिलईत विरून मळकट होतात. तांब्यापासून लाल रंग साधतो, पण तो इतका लहरी की धूर थोडा कमीअधिक झाला तरी फिका पडतो किंवा हिरव्याकडे झुकतो. म्हणूनच लाल, पिवळी व हिरवी फुले झिलईच्या वर काढून सातशे-आठशे अंशांच्या मंद आचेवर पुन्हा भाजावी लागतात. ती सुंदर असतात. परंतु ती उघड्यावर असल्याने घासून घासून झिजतात.

कोबाल्टची गोष्ट निराळी. त्याचे ऑक्साइड वितळलेल्या झिलईत विरघळते तेव्हा कोबाल्टचा प्रत्येक आयन चार ऑक्सिजन अणूंच्या चतुष्फलकात अडकून बसतो. या बैठकीत तो प्रकाशातील हिरवट-पिवळा, नारिंगी व तांबडा भाग जोरदार शोषून घेतो. निळा भाग तेवढा परत येतो. शोषणाची शक्ती एवढी मोठी की काचेत शंभरात एका अंशाच्याही लहानशा भागाइतका कोबाल्ट असला तरी निळी झाक डोळ्यांना दिसते. भट्टीत हवा अधिक असो की धूर अधिक, कोबाल्ट आपली निळाई सहसा सोडत नाही. कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकऱ्यांच्या एका खट्याळ भुतावरून आले. हे खनिज वितळविताना चांदी हाती येत नसे, आणि आर्सेनिकचे विषारी धूर मात्र निघत! भारतातही राजस्थानच्या खेत्री भागात सेहटा या नावाने कोबाल्टचे खनिज मिळे व जयपूरचे मीनाकार ते निळ्या मिन्यासाठी वापरीत.

कोबाल्टला धूर बाधत नाही याचा लाभ कारागिराने फार चतुराईने घेतला. मातीत लोहाचा अंश थोडा तरी असतोच, आणि मोकळ्या हवेत तो पिवळट झाक देतो. भट्टीची हवा कोंडून धूर वाढविला की लोहाचे क्षपण होते. पिवळेपणा जाऊन पांढऱ्यावर थंड निळसर छटा येते. जी आच मातीला शुभ्र करते तीच फुलाला सोसते. पांढऱ्यावर निळे ही जोडी आवडीनिवडीने जमलेली नाही. दोघांनाही एकाच भट्टीत निभावता येते, म्हणून ती जमली.

आच मात्र मोजूनमापून हवी. कमी पडली तर झिलई दुधाळ राहते. अधिक झाली, किंवा फार वेळ टिकली, तर झिलई पातळ होऊन वाहते व कोबाल्ट तिच्याबरोबर पसरतो. पाकळीची कडा धुक्यात शिरल्यासारखी होते. आरिताच्या भट्ट्या डोंगराच्या उतारावर एकापुढे एक कोठड्या बांधून केलेल्या असत. खालच्या कोठडीची उष्णता वरच्या कोठडीत चढे. पाइनच्या लाकडाची ज्योत पाहून तापमान ओळखणारा भट्टीवाला हा त्या गावाचा खरा तापमापक. मोठी थाळी मऊ होऊन मध्ये बसू नये म्हणून तिच्या तळाला मातीचे बारीक खिळे टेकू म्हणून देत. भाजून झाल्यावर ते ठोकून काढले तरी तळाशी ठिपके राहतात. जुनी जपानी थाळी ओळखण्याची ती एक हमखास खूण आहे.

दुसरी खूण निळ्या रंगातच आहे. १८७० मध्ये गोटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनज्ञ आरिताला आला. त्याने कारागिरांना शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड वापरावयास व कोळशाच्या भट्टीचे प्रयोग करावयास शिकविले. रंग स्वस्त झाला, लख्ख झाला, आणि भडकही झाला. गोसुतील मँगॅनीज व लोह ज्यांना मळ वाटले होते त्यांच्या ध्यानात आले की जुन्या निळ्याचा मऊपणा त्या मळातूनच येत होता. मग शुद्ध केलेल्या कोबाल्टमध्ये लोह व मँगॅनीज मुद्दाम मिसळण्याची पाळी आली.

फुलाकडून तारेकडे

आरिताची विद्या गुप्त ठेवण्याची खटपट झाली, परंतु ती फार काळ टिकली नाही. नागोयाजवळच्या सेतो गावचा कातो तामिकिची १८०४ मध्ये क्यूशूला गेला, तेथे काम शिकला आणि १८०७ मध्ये परतला. सेतोने निळ्या फुलापाखरांच्या चित्रांत पुढे मोठे नाव कमावले. त्याच परिसरात, नागोयाजवळच्या नोरिताके गावात, १९०४ मध्ये मोरिमुरा घराण्याच्या पुढाकाराने निप्पोन तोकी ही कंपनी निघाली. तिच्यापुढे प्रश्न होता तो सपाट, पांढऱ्या, पाश्चात्त्य धर्तीच्या सुमारे २५ सेंटिमीटर रुंद थाळीचा. अशी थाळी भट्टीत मध्ये बसे. वर्षानुवर्षे मातीचे पाठ बदलल्यावर १९१३ मध्ये ती साधली, आणि १९१४ मध्ये जपानचा पहिला पूर्ण डिनर सेट तयार झाला.

या खटपटीतून मिळालेले ज्ञान एका वेगळ्याच गिऱ्हाइकाला हवे होते. वीज दूरवर नेताना तारा लोखंडी खांबावर टांगाव्या लागतात, परंतु वीज खांबात उतरता कामा नये. पोर्सेलीन वीज वाहू देत नाही, पाऊस पीत नाही, उन्हाने कुजत नाही, आणि ओझे पेलते. निप्पोन तोकीने इन्सुलेटर करण्याचे प्रयोग केले, आणि १९१९ मध्ये या कामासाठी निप्पोन गाइशी ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तीच पुढे एनजीके या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

दक्षिणेत म्हैसूर संस्थानाची गरज याच स्वरूपाची होती. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर वीज नेण्यात आली. त्या काळी जगातील लांबच लांब वाहिन्यांत तिची गणना होई. १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. तारांचे जाळे पसरत गेले तसे हजारो इन्सुलेटर परदेशांतून मागवावे लागत. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत, १९३२ मध्ये, संस्थानाने बंगळूर येथे सरकारी पोर्सेलीन कारखाना काढला. जागा मल्लेश्वरममध्ये, भारतीय विज्ञान संस्थेच्या शेजारी. पुढील काळात या कारखान्याला जपानच्या एनजीके कंपनीचे तंत्रसाह्य लाभले, आणि १९७६ मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे जाऊन तिचा विद्युत्-पोर्सेलीन विभाग झाला. क्यूशूच्या टेकडीतून सेतोला आणि सेतोच्या परिसरातून नोरिताकेला गेलेली विद्या अशा रीतीने कावेरीच्या विजेपर्यंत येऊन पोचली.

एक योगायोग येथे सांगण्याजोगा आहे. कारखान्याशेजारची विज्ञान संस्था जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिली. त्यांचे पुत्र सर रतन व सर दोराब यांनी चीन-जपानमधील कलावस्तूंचा मोठा संग्रह केला होता. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे आला. पूर्वेकडील पोर्सेलीन जवळून पाहू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही.

झिलईचा ताण

इन्सुलेटरवर फूल नसते. त्याची झिलई बहुधा तपकिरी असते, व तो रंग लोह, मँगॅनीज यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा. ज्या लोहाला बशीतून हुसकावून लावण्यासाठी एवढा धूर केला तेच येथे कामाला येते. त्याच्या आकारात एकाखाली एक छत्र्या असतात. पावसात वरची बाजू भिजली तरी छत्रीच्या पोटाची बाजू बरीचशी कोरडी राहते, आणि विजेला पृष्ठभागावरून खांबाकडे जाण्यासाठी लांब व अडथळ्याची वाट उरते.

परंतु बशी आणि इन्सुलेटर यांचे खरे नाते झिलईत आहे. झिलई व माती भट्टीत एकजीव होतात व थंड होताना दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा अधिक आकसली तर ती ताणली जाऊन तिच्यावर केसासारख्या भेगांचे जाळे पडते. बशीवर हे जाळे पडले तर फुलाची शोभा जाते, भेगांत चहाचे डाग बसतात, एवढ्यावर भागते. इन्सुलेटरचे तसे नाही. त्याच्या झिलईतील भेग ही मोडीची सुरुवात असते, कारण ओढ बसताच तडा तेथूनच आत धावतो. तार तुटून पडली तर खाली माणूस असू शकतो. म्हणून झिलई मातीपेक्षा किंचित कमी आकसेल असा तिचा पाठ जुळवितात. मग थंड झाल्यावर माती झिलईला चहूबाजूंनी दाबून धरते. पोर्सेलीन दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. दाबलेल्या झिलईला ताण देण्याआधी तो दाब उतरवावा लागतो, व तेवढे वस्तूचे बळ वाढते. नितळ, भेगरहित झिलईखाली निळे फूल शतकानुशतके सुरक्षित राहते ते याच जुळणीमुळे. आरिताच्या कारागिराने ती राखेचे व दगडाचे प्रमाण बदलत हाताने साधली. कारखान्यात ती प्रसरणाचे गुणांक मोजून साधतात.

फटी खरोखरच बुजल्या आहेत की नाहीत हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. भाजलेल्या मालातून नमुना घेऊन तो हातोडीने फोडतात. त्याचे तुकडे फुक्सिन या गडद किरमिजी रंगाच्या अल्कोहोलमधील द्रावात बुडवून कित्येक तास मोठ्या दाबाखाली ठेवतात. नंतर तुकडे बाहेर काढून, पुसून, पुन्हा फोडतात. आतल्या मोडीवर किरमिजी रंगाची एक रेघ जरी उतरलेली दिसली तरी माल नापास होतो. मोड पांढरीशुभ्र निघाली तर पोर्सेलीन पुरते भाजले गेले असे समजतात.